बैल दमला की चाक रुतले?
गाडी ओढत नाही तेव्हा आधी काय पाहावे

(वेळापूर येथे जिल्हा बैठकीसाठी जमलेल्या शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत भावावर बोलणारे पुष्कळ आहेत. कापसावर बोलतील, ज्वारीवर बोलतील, कर्जावर बोलतील. आम्ही तुमच्यासमोर उभे आहोत ते गाडीवर बोलायला. काहींना हसू येईल. शेतकऱ्यांच्या बैठकीत गॅरेजचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण ज्वारीचे पोते खळ्यातून बाजारात जाते ते गाडीनेच. कडबा जातो तो गाडीनेच, कापूस जिनिंगपर्यंत पोचतो तो गाडीनेच. रात्री-अपरात्री वस्तीवरच्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे तर तीच गाडी. ती गाडी चढाला लागली आणि रेस दाबूनही पुढे सरकेना, की जो खर्च निघतो तो शेवटी शेतीच्याच बोकांडी बसतो.

आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही पाच घरांनी मिळून एक जुनी डिझेल पिकअप घेतली. तालुक्याच्या एका अंगाला नीरेच्या उजव्या कालव्याचा ऊस आणि दुसऱ्या अंगाला आमचा कोरडवाहू माळ. माळावरच्या माणसाला भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, म्हणून हा उपद्व्याप. दोन वर्षे गाडी चांगली पळाली. मग एका सुगीत कडबा भरून शिखर शिंगणापूरच्या अंगाला निघालो, तर चढावर गाडी दुसऱ्या गियरच्या वर जाईना. मागून काळा धूर. दुचाकीवाले हसत पुढे निघून गेले.

तालुक्याच्या गावी एका मिस्त्रीला दाखवली. त्याने बॉनेट उघडले, दोन वेळा रेस दिली आणि सांगितले, 'इंजिन संपलंय, बांधावं लागेल. साठ हजार धरा.' खोलले नाही, मोजले नाही, पण निकाल दिला. आम्ही पाच जण तोंडे पाडून परत आलो. एकाने बैलजोडी विकायची तयारी केली. दुसरा आडत्याकडे उचल मागायला निघाला. म्हणजे पुढची ज्वारी आधीच त्याच्या नावावर.

गावातले एक जुने ट्रॅक्टर मिस्त्री, आता वय झाले म्हणून घरी असतात, त्यांनी अडवले. म्हणाले, 'बैलगाडी चढत नसली की तुम्ही आधी बैल विकता का चाक बघता?' त्यांनी अर्ध्या दिवसात तीन गोष्टी काढून दाखवल्या. एअर फिल्टर मळणीच्या भुसकटाने आणि मातीने गच्च भरला होता. टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीची पट्टी ढिली होऊन हवा फुसफुस बाहेर जात होती. आणि मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता. गाडी ब्रेक लावूनच चढत होती म्हणा ना! फिल्टर, पट्टी आणि ब्रेकचे काम मिळून खर्च दोन हजारांच्या आत. पुढच्या आठवड्यात तीच गाडी, तेवढाच कडबा, त्याच चढाने तिसऱ्या गियरमध्ये गेली.

त्या दिवसापासून आम्ही ठरवले की हे शिकून घ्यायचे आणि जिथे चार शेतकरी भेटतील तिथे सांगायचे. आमच्यापैकी कोणी इंजिनियर नाही. पण ज्याला पिकावरचा रोग पानावरून ओळखता येतो, त्याला गाडीचा रोगही ओळखता येतो. फक्त कुठे बघायचे ते कळले पाहिजे.

चार वाटा

इंजिनाला चारच गोष्टी लागतात. आत हवा आली पाहिजे. इंधन आले पाहिजे. जळून झालेला धूर बाहेर गेला पाहिजे. आणि तयार झालेली ताकद चाकापर्यंत पोचली पाहिजे. या चारांपैकी एक वाट अडली की गाडी ओढत नाही. चारही वाटा मोकळ्या असून गाडी ओढत नसेल, तरच इंजिनावर संशय घ्यायचा. पण गॅरेजात हिशेब उलटा चालतो. शेवटचा संशय पहिला सांगितला जातो, कारण त्यात पैसा आहे.

आधी एक गोष्ट ठरवा. इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग वाढत नाही, की आवाजच चढत नाही? आवाज चढत असेल तर इंजिन काम करते आहे, ताकद वाटेत गळते आहे. आवाजच दबलेला असेल तर हवा, इंधन किंवा धूर यांत खोट आहे. एवढा एक भेद ओळखला तरी अर्धे काम झाले.

हवा

एक लिटर डिझेल नीट जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. आपल्या दोनशे लिटरच्या बॅरलने मोजली तर पन्नास बॅरल. एका लिटरला पन्नास बॅरल! प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहून जास्तच हवा ओढते. ही सगळी हवा एका कागदी फिल्टरमधून जाते. पुण्या-मुंबईच्या डांबरी रस्त्यासाठी कंपनीच्या पुस्तकात जी मुदत लिहिलेली असते, ती आपल्या मुरमाच्या रस्त्याला आणि मळणीच्या खळ्याला लागू नाही. खळ्याजवळ गाडी उभी करून इंजिन चालू ठेवले की भुसकट सरळ फिल्टरमध्ये जाऊन बसते.

डिझेलच्या जुन्या गाडीला हवा कमी आणि डिझेल तेवढेच मिळाले की ते अर्धवट जळते आणि काळा धूर होतो. म्हणून काळा धूर दिसला की पहिला हात फिल्टरला लावा. फिल्टर काढून उन्हाकडे धरा. उजेड दिसत नसेल तर तो गेला. साफ करायचा तर हवेचा मारा हळू आणि आतून बाहेर करायचा. बाहेरून आत मारला तर धूळ कागदात आणखी रुतते. कागदी फिल्टर पाण्याने धुवू नये. आणि फाटका फिल्टर पुन्हा बसवू नये. मातीतली वाळू इतकी कठीण असते की ती रिंगा आणि सिलिंडर कानशीसारखे घासून काढते. तिथे चारपाचशे रुपये वाचवायला जाल तर खरोखरच साठ हजारांचे काम निघेल. जुन्या जीपला आणि ट्रॅक्टरला तेलाचा फिल्टर असतो. त्यात चिखल साचला की तेल बदलायचे.

टर्बो असलेल्या गाडीत फिल्टरपुढच्या नळ्याही पाहा. नळी उंदराने कुरतडलेली असते, चिरलेली असते, पट्टी ढिली असते. रेस दिली की फुस्स असा आवाज येतो. नळीच्या सांध्यावर तेलकट ओल दिसते. बघायला पैसे पडत नाहीत.

उन्हाचाही थोडा वाटा आहे. वीस अंशांची हवा बेचाळीस अंशांवर गेली की सुमारे सात टक्के विरळ होते. म्हणून चैत्र-वैशाखात भर दुपारी गाडी थोडी सुस्त वाटते, तो रोग नव्हे. पण गाडीची निम्मी ताकद गेली तर दोष उन्हाचा नाही.

इंधन

इथे सगळ्यात स्वस्त तपासणी आधी. एकाने रेस पूर्ण दाबून धरावी आणि दुसऱ्याने पाहावे की जुन्या गाडीची तार पंपाचा दांडा शेवटपर्यंत ओढते का. तार ताणून लांबलेली असते, नाहीतर पायाखालची सतरंजी पेडलमागे अडकलेली असते. दुसरे, गाडी अडखळू लागली की टाकीचे झाकण उघडून पाहा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर झाकणाची हवेची वाट बंद आहे.

मग डिझेल फिल्टर. त्याच्या तळाशी पाणी साठते. सकाळी, इंजिन गार असताना, तळाचा स्क्रू ढिला करून पाणी काढायचे आणि स्वच्छ डिझेल आले की बंद करायचा. शेतावर कॅनमध्ये ठेवलेले डिझेल तळापर्यंत ओतू नका, तळाचे पाणी आणि गाळ टाकीत जातो. एक धोक्याची सूचना. नव्या कॉमन रेलच्या गाडीत इंजिनाजवळच्या नळ्यांमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. चालू इंजिनावर ती नळी ढिली करू नका, डिझेलची धार कातडीत घुसते. तिथे जाणत्या माणसाचेच काम.

पेट्रोलच्या गाडीत फिल्टरबरोबर स्पार्क प्लग आणि कॉइल पाहायचे. चारपैकी एक सिलिंडर पेटत नसला तर पाव ताकद तिथेच गेली, आणि गाडी थरथरते.

आता भेसळ. रेशनवरचे निळे रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा या राज्यात किती माजला होता, हे सांगायला एकच नाव पुरे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी भर दिवसा जिवंत जाळले. गरिबाच्या चुलीचे तेल चोरून शेतकऱ्याच्या पंपात घालायचे, आणि अडवणाऱ्या अधिकाऱ्याचा जीव घ्यायचा! रॉकेल डिझेलपेक्षा पातळ, त्यात वंगण कमी. त्याने पंप आणि नोझल झिजतात आणि गाडीची ओढ कायमची जाते.

म्हणून आपला हक्क माहीत करून घ्या. पेट्रोल पंपावर ग्राहकाने मागितले तर घनता मोजून दाखवावी लागते, पाच लिटरच्या मापाने माप तपासून द्यावे लागते, आणि पेट्रोलसाठी फिल्टर पेपरची चाचणी करून द्यावी लागते. शुद्ध पेट्रोलचा थेंब कागदावरून डाग न ठेवता उडून जातो. मागताना संकोच कसला? आपला कापूस घेताना कोणी संकोच करते का?

इथेनॉलचा हिशेब

आजकाल गाडी ओढेना की लोक म्हणतात, 'इथेनॉलनं वाट लावली.' हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे, कारण इथेनॉल उसापासून, मक्यापासून होते, आणि ज्वारीपासूनही होते. पालखीच्या वाटेवरच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'मधुरा' या गोड ज्वारीच्या धाटाच्या रसापासून इथेनॉल करून कितीतरी आधी दाखवले आहे. म्हणून इथे खरे तेच बोलू.

पहिली गोष्ट, हे २० टक्के मिश्रण पेट्रोलमध्ये आहे, डिझेलमध्ये नाही. डिझेल पिकअपवाल्याने इथेनॉलला दोष देऊ नये. दुसरी गोष्ट, इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिले होते की, जी चारचाकी मुळात बिनमिश्रित पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांला जुळवली आहे, तिचे सरासरी अंतर २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. मिश्रणासाठीच घडवलेल्या गाडीत ही घट १ ते २ टक्के. याशिवाय जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या मऊ पडतात, टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो. तेव्हा जुन्या गाडीचा फिल्टर आणि नळ्या बदलून घ्या. पण चढावर गाडी थांबते हे सहा टक्क्यांनी होत नाही. तिथे दुसरा रोग शोधा.

आणि एक प्रश्न विचारायचा आहे. कापूस महामंडळाच्या केंद्रावर आपल्या कापसात ८ टक्क्यांच्या वर ओल निघाली की दर कापतात, १२ च्या वर गेली की कापूस परत पाठवतात. मालाचा कस कमी, म्हणून दाम कमी. हा नियम आपल्याला लागू आहे ना? मग लिटरचा कस कमी झाला तर लिटरचे दामही त्या हिशेबाने का उतरू नये? इथेनॉलला आमचा विरोध नाही, ते शेतकऱ्याच्या घामाचे आहे. पण तोलायची तागडी दोन्हीकडे एकच असावी.

धूर आणि युरिया

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या. डिझेलच्या या गाड्यांत काजळी अडवणारी जाळी सायलेन्सरच्या वाटेवर असते. गाडी सलग वेगात चालली की जाळी तापते आणि काजळी जळून जाते. पण आपली गाडी घर ते शेत, शेत ते गाव एवढीच फिरते. जाळी तापतच नाही, तुंबते. इंजिनाला श्वास सोडता येत नाही. मग समोर दिवा लागतो आणि गाडी आपली ताकद आपणच कमी करते. पहिला दिवा लागला तेव्हाच मोकळ्या रस्त्याला पंधरा-वीस मिनिटे सलग गाडी चालवली तर बहुतेक वेळा काम भागते. दिव्याकडे महिनाभर दुर्लक्ष केले तर जाळीच बदलावी लागते, आणि ती स्वस्त नाही.

काही गाड्यांना युरियाच्या द्रवाची वेगळी टाकी असते. तो द्रव संपला की गाडीची ओढ कमी होते. इथे आपल्यातले काही शहाणे घरातल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून ओततात. हे करू नका. तो द्रव ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेले पाणी यांचा असतो. आपल्या गोणीतल्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो, बोअरच्या पाण्यात क्षार असतो. दोन्ही मिळून ती यंत्रणा कायमची बसते.

नव्या गाडीत आणखी एक. इंजिनाचा दिवा लागून गाडी एकदम मंद झाली, तर मिस्त्रीला पाना लावू देण्याआधी स्कॅनर लावायला सांगा. सेन्सरवर धूळ असते, वायर उंदराने तोडलेली असते. दोष काय निघाला ते कागदावर लिहून घ्या.

चाकापर्यंतची वाट

इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी सरकत नाही, आणि जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढून, समोर माणूस नाही हे पाहून, गाडी वरच्या गियरमध्ये टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले पाहिजे. फिरतच राहिले तर क्लच प्लेट गेली. ही परीक्षा एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते.

ब्रेकसाठी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापले असेल तर तो ब्रेक धरून आहे. सपाटीवर रिकामी गाडी दोन माणसांनी ढकलून पाहा. टायरमध्ये हवा किती, भार किती, हेही पाहा. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरून ती चढत नाही म्हणणे म्हणजे एका बैलाला चार नांगर जुंपणे.

इंजिन खरेच गेले असेल तर

सगळेच मिस्त्री लुबाडतात असे आम्ही म्हणत नाही. इंजिन झिजतेही. निळा धूर म्हणजे इंजिनातले तेल जळते आहे. तेल भरायचे झाकण चालू इंजिनावर सैल केले आणि तिथून भकाभक धूर आला, सकाळी चालू व्हायला त्रास, तेल वरचेवर कमी, तर रिंगा गेल्या असे समजा. तरीही कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय इंजिन खोलू द्यायचे नाही. आमच्यातल्याच एकाने ही सगळी लक्षणे दिसत असताना 'आपल्याला शिकवू नका' म्हणत वर्षभर गाडी तशीच रेटली आणि शेवटी ब्लॉकच फुटला. नाही त्या रोगावर खर्च करणे जसे वाईट, तसे असलेला रोग लपवणेही वाईट.

हिशेब

गाडी ओढत नाही याचे नुकसान चढावरच होते असे नाही. समजा बारा किलोमीटर देणारी पिकअप नऊवर आली. शंभर किलोमीटरच्या फेरीला पावणेतीन लिटर जास्त. लिटर ९० रुपये धरा, फेरीमागे २५० रुपये. हंगामात चाळीस फेऱ्या झाल्या तर दहा हजार. हे दहा हजार कोणी चोरले नाहीत, म्हणून कोणाला दिसत नाहीत. उत्पादन खर्च मांडताना आपण बियाणे, खत, मजुरी लिहितो. वाहतूक आणि गॅरेज लिहीत नाही. जे आपणच लिहीत नाही, ते दुसरा कोण मोजील?

तेव्हा आमची विनंती एवढीच आहे. प्रत्येक गावाने गाडीची एक वही ठेवावी. किती डिझेल, किती किलोमीटर, फिल्टर कधी बदलला, मिस्त्रीने काय सांगितले आणि शेवटी काय निघाले. नेहमीचा एक चढ ठरवून ठेवावा आणि नेहमीच्या भाराला गाडी तो कोणत्या गियरमध्ये चढते ते लिहावे. मिस्त्रीकडे जाताना दोघांनी जावे, बदललेला जुना भाग परत मागावा. कोणी इंजिन बांधायला सांगितले तर त्या रात्री पैसे उभे करायला धावू नये. आधी चार वाटा पाहाव्यात.

माउलींची पालखी दरवर्षी आपल्या वेळापूरला मुक्कामाला येते. येताना उतारावर वारकरी धावा करतात, ते आपण लहानपणापासून पाहतो. उतारावर सगळेच धावतात, गाडीसुद्धा. परीक्षा चढावर होते. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याची वाट बहुतेक चढाचीच आहे. त्या वाटेवर न लागणारे ओझे आणि धरून बसलेला ब्रेक, दोन्ही ओळखायला शिकू या.

बैठक संपल्यावर आमची पिकअप देवळामागे उभी आहे. बॉनेट उघडून ठेवतो. ज्याला फिल्टर कसा काढायचा, पाणी कुठून सोडायचे हे हाताने करून पाहायचे आहे, त्याने जरूर यावे.